डावीकडे पाच

चौकशी मंडळानं तिला बसायला खुर्ची दिली, आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली.

खुर्चीत बसून राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. लहानपणी मावशी वैतागून म्हणायची, "या पोरीला पायात भिंगरी घालूनच पाठवलंय." पुढे नुसतं भिंगरी राहिलं. ते नाव शाळेत गेलं, तिथून नौदलाच्या प्रशिक्षणात गेलं. आता ती कॅप्टनच्या हुद्द्यावर होती, एका युद्धनौकेची कप्तान होती, कानांवरचे केस पांढरे झाले होते, तरी नाव काही गेलं नव्हतं. समोरच्या टेबलामागे तीन वरिष्ठ बसले होते. मधले प्रमुख. जहाज वळवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा तेही तिला भिंगरी म्हणूनच हाक मारायचे. आज ते 'कॅप्टन' म्हणत होते, आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून चष्मा पुसत होते.

प्रश्न एकच होता. त्या सकाळी धुक्यात जहाज गाळात रुतलं, तेव्हा ते कोणाच्या ताब्यात होतं?

उत्तर नीट आलं तर तिला ताफा मिळणार होता. अख्खा ताफा, आणि पुन्हा समुद्र. नीट आलं नाही तर किनारा. किनारा म्हणजे टेबल, पंखा आणि निवृत्तीपर्यंत सह्या. पंखा या वस्तूचाच तिला राग होता. दिवसभर गरगर फिरतो आणि कुठेच जात नाही.

तिच्या माहेरी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. वडील शिंपी. ते दिवसभर मशीनवर वाकून बसत, आणि त्यांचं ते बसणं बघून हिचे पाय शिवशिवत. नौदलाची परीक्षा द्यायला बंदराच्या गावी गेली, तेव्हा तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला. एवढं मोठं काहीतरी, आणि क्षणभर स्वस्थ नाही. तिला हायसं वाटलं. जगात आपल्या जातीचं आणखी कोणी आहे तर.

नौदलानं तिला घेतलं आणि कोठारात बसवलं. त्या काळी बायकांना जहाजावर पाठवत नसत. ब्लँकेटं, बूट, दोरखंड. दर वर्षी ती साहेबांपुढे जाऊन उभी राही. दर वर्षी साहेब म्हणत, "जहाजावर बायकांची सोय नाही."

एकदा ती म्हणाली, "सर, सोय कोण मागतंय? मी जहाज मागतेय."

साहेब खूप हसले. जहाज मात्र मिळालं नाही. ते मिळालं नियम बदलल्यावर, आणि नियम बदलला त्या दिवशी दारात पहिली तीच उभी होती.

पहिल्या फेरीत ती इतकी ओकली की पोटात ओकायला काही उरलं नाही. तरी कठड्याला धरून उभी.

"मॅडम, जरा टेका," बरोबरचा जुना खलाशी म्हणाला.

"टेकले तर मरेन."

"उभ्यानं मेलात तरी उचलायचं आम्हालाच आहे."

ती मेली नाही. वादळं झाली. इंजिनाच्या खोलीतली आग झाली. उलटलेल्या होडीतली माणसं दोराला बांधून वर घेतली, त्यातल्या एकानं वर आल्या आल्या तिच्या बुटांवर पाणी ओकलं आणि तिच्याकडेच विडी मागितली. बाहीवर हुद्द्याची एकेक पट्टी वाढत गेली. शेवटी तिला स्वतःचं जहाज मिळालं.

लग्न तिनं भूगोलाच्या मास्तरांशी केलं. मास्तरांना नकाशावरचे सगळे समुद्र पाठ. पण बागेतल्या तळ्यात पायडलच्या बोटीत बसले तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. "दोघांपैकी एकानं जमिनीवर राहायला हवंच," ते म्हणत. घर त्यांनी सांभाळलं, आपल्या आईला सांभाळलं. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्याकडे सगळं उलटं. सून कामावर जाते ती महिनोन् महिने उगवत नाही, आणि मुलगा गॅसवर दूध ठेवून वाट बघतो." वर हेही सांगत की सुनेच्या एका हाकेवर दोन-अडीचशे माणसं उभी राहतात. "घरात मात्र मलाच उठावं लागतं."

जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर कप्तानासाठी एक उंच खुर्ची असते. तिच्या जहाजावरच्या त्या खुर्चीचं कातडं शेवटपर्यंत नवं राहिलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची आणि फिरता फिरता बोलायची. समोर काय दिसतंय, वारा कुठला, ती समोरची बोट गाढवासारखी का चालली आहे. सगळं तोंडानं. माणसांना त्याची सवय झाली होती. घरात रेडिओ लावलेला असावा तसं.

आता जहाजावरचा एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं.

जहाज कुठल्याही क्षणी एकाच माणसाच्या हातात असतं. सुकाणू धरणारा वेगळा. तो फक्त सांगितलेलं करतो. सांगणारा एक. पाळी बदलली की नवा अधिकारी मोठ्यानं म्हणतो, "जहाज माझ्याकडे." जुना म्हणतो, "जहाज तुमच्याकडे." ब्रिजवरची सगळी माणसं ते ऐकतात. त्याशिवाय हात बदलत नाही. याला अपवाद एक, कप्तान. कप्तानानं सुकाणूवाल्याला थेट एक जरी हुकूम दिला, तरी जहाज त्याच्या हातात गेलं असं धरतात. म्हणावं लागत नाही. संकटात बोलायला वेळ नसतो, म्हणून कोणीतरी कधीतरी तसं ठरवलं.

त्या सकाळी ते बंदरात शिरत होते. खोल पाण्याची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना गाळ. धुकं दाट. जहाज पेन्सिलकडे होतं. पेन्सिल म्हणजे तिच्या हाताखालचा तरुण अधिकारी. उंच, बारीक, आणि टोक केल्यासारखा नेहमी तयार. काम तो चोख करत होता. ती मागे फेऱ्या मारत होती.

तेवढ्यात उजवीकडून धुक्यातून मासेमारीची एक होडी निघाली. भलतीच जवळ.

"डावीकडे पाच," ती चालता चालता म्हणाली.

"डावीकडे पाच, मॅडम," सुकाणूवाल्यानं परत म्हटलं आणि सुकाणू पाच अंश फिरवलं.

होडी बाजूनं सटकली. होडीवाल्यानं मूठ दाखवून तिच्या खानदानाचा उद्धार केला. ती दार उघडून बाहेरच्या सज्जात गेली आणि तिनंही त्याच्या खानदानाची विचारपूस केली. तिच्या मनात काही आलंच नाही. पेन्सिल आहे. तो जहाज सरळ करील.

पेन्सिल एक पाऊल मागे सरला होता. कप्तानानं हुकूम दिला, म्हणजे जहाज कप्तानाकडे. मॅडम बाहेर गेल्यात, म्हणजे त्यांना तिथून काहीतरी दिसत असणार. त्यानं हात पाठीमागे बांधले.

सुकाणूवाला पाच अंशांवर धरून उभा होता. त्यानं एकदा पेन्सिलकडे पाहिलं, एकदा दाराकडे. कोणी काही बोललं नाही.

जहाज वळत राहिलं. सावकाश, आज्ञाधारकपणे. कपातला चहा निवायच्या आत ते वाटेबाहेर गेलं आणि थांबलं. फारसा आवाजही झाला नाही. भिजवलेल्या पिठात बोट रुतावं तसं. मग धुकं उठलं. त्यालाही तोच मुहूर्त सापडला. कामावर निघालेल्या माणसांनी भरलेली फेरीबोट शेजारून गेली आणि सगळ्या बोटीनं फोन वर धरले.

कोणाला खरचटलंही नाही. जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्याचं एक पातं वाकलं, टगबोटींनी जहाज ओढून काढलं. पण युद्धनौका गाळात बसते तेव्हा ती नुसती गाळात बसत नाही. कप्तानालाही घेऊन बसते.

साक्षीच्या आधीच्या रविवारी बिनटोप्या घरी आला. हा तिच्याबरोबर प्रशिक्षणात होता. पहिल्याच संचलनात वाऱ्यानं त्याची टोपी समुद्रात नेली, तेव्हापासून बिनटोप्या. आता मुख्यालयात त्याचा दबदबा होता. सासूबाईंनी त्याला चहा दिला. तो बसला. भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

"भिंगरे, माझी मान दुखायला लागली. एका बाजूला तरी उभी राहा."

"बोल तू. मी ऐकतेय."

"सोपं आहे. विचारलं की म्हण, जहाज माझ्याकडे होतं. एवढंच. ठपका ठेवतील, दोन शब्द सुनावतील. मग पाठ थोपटतील. कप्तानानं अंगावर घेतलं की वरच्यांना भरून येतं. ताफा तुझा."

"आणि माझ्याकडे नव्हतं तर?"

"म्हणजे? पेन्सिलकडे होतं म्हणणार तू?"

"त्याच्याकडेही नव्हतं."

बिनटोप्यानं कप खाली ठेवला. "हे तिथे बोलू नकोस. हात जोडतो. चुकलेला कप्तान नौदलाला चालतो. जहाज वाऱ्यावर सोडणारा चालत नाही."

"मग होतं तरी कोणाकडे?" सासूबाईंनी विचारलं. "भुताकडे?"

बिनटोप्या उठला. दारात बूट घालता घालता म्हणाला, "तुझ्यामागे ताफ्यासाठी नंबर माझा आहे, माहितीय ना? आणि मी तुला हे शिकवायला आलोय. डोकंच फिरलंय माझं."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मास्तर मटार सोलत होते. ती त्यांच्यामागे फेऱ्या घालू लागली.

"मास्तर, तुम्ही काय म्हणाला असतात?"

"मला जहाजातलं काय कळतंय? सहलीतलं विचार."

"बरं, सहलीतलं सांगा."

"वर्गाबरोबर एक शिक्षक असला तर पोर हरवत नाही. दोन असले की हरवतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय."

"मग?"

"मग काय! पोर आईस्क्रीमच्या गाडीपाशी सापडतं. हेडमास्तर विचारतात, लक्ष कोणाचं होतं? आम्ही दोघंही छाती पुढे काढून म्हणतो, माझं होतं. हेडमास्तरांना आम्ही फार बाणेदार वाटतो."

"आणि पुढच्या सहलीला?"

मास्तरांनी पुढची शेंग उचलली. "पुढच्या सहलीला दुसरं पोर हरवतं."

ती फिरायची थांबली. मास्तरांनी वळून पाहिलं. तिचं थांबणं हा त्या घरात काळजीचा प्रकार होता.

चौकशीत पहिली साक्ष सुकाणूवाल्याची झाली. बिचारा घामानं निथळत होता.

"तुम्हाला काय वाटलं, जहाज कोणाकडे होतं?"

"सर, आधी वाटलं मॅडमकडे. मग मॅडम बाहेर गेल्या, तेव्हा वाटलं साहेबांकडे. मग साहेब मागे सरले, तेव्हा वाटलं मॅडमकडेच. मग वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, आपण कशाला मध्ये तोंड घाला."

मग पेन्सिल उभा राहिला. अधिकच बारीक झाला होता. त्यानं समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "जहाज माझ्याकडे होतं, सर. चूक पूर्णपणे माझी."

भिंगरी खुर्चीतून अर्धी उठली.

"कॅप्टन, बसा. तुमची पाळी येईल."

ती बसली. पेन्सिलचे कान लाल झाले होते. मॅडमना वाचवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. त्याला नोकरीची उणीपुरी दहा वर्षं झाली होती, आणि ती सगळी त्यानं टेबलावर ठेवून दिली होती. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि पाठीवरून हातही फिरवावासा वाटला.

मग तिचं नाव पुकारलं.

"उभी राहून बोलू का, सर?"

"बोला."

"चालत?"

प्रमुखांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "उभ्यानंच, कॅप्टन. आता सांगा. जहाज कोणाकडे होतं?"

सोपं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. देखणं वाक्य होतं. ते म्हटलं की पेन्सिल सुटत होता, प्रमुखांना चष्मा पुन्हा घालता येत होता, बिनटोप्या चुकत नव्हता. त्या वाक्याच्या पलीकडे समुद्र होता. तिला पायाखाली तो हलतानाही जाणवला. खोलीची फरशी मात्र जागच्या जागी होती.

"कोणाकडेच नव्हतं, सर."

लिहून घेणाऱ्याचा हात थांबला.

"असं होऊ शकत नाही," प्रमुख म्हणाले. "जहाज नेहमी कोणाकडे तरी असतं."

"असायला हवं. नव्हतं."

"कॅप्टन." त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या अधिकाऱ्याला वाचवायचं असेल तर दुसरे मार्ग आहेत. नीट विचार करून बोला."

"विचार करूनच आलेय, सर. मी घेतलं असतं तर मी परत फिरवलं असतं. त्याच्याकडे असतं तर त्यानं फिरवलं असतं. दोघांनाही जहाज येतं चालवायला. तुम्हीच शिकवलंय. मी फिरता फिरता बोलते. त्यातलं एक वाक्य हुकूम निघालं. मला कळलं नाही की मी जहाज घेतलं, त्याला कळलं नाही की मी घेतलं नाही. तेवढा वेळ एवढी माणसं एका रिकाम्या जहाजावर होती. आम्ही दोघंही आता 'माझ्याकडे होतं' म्हणतोय, ते चांगलं दिसतंय. पण ते खोटं आहे."

पेन्सिल मान खाली घालून बसला होता.

"मी खोटं बोलले तर ठपका एका बाईवर येईल आणि रिवाज आहे तसाच राहील," ती म्हणाली. "उद्या दुसरा कप्तान बोलता बोलता बाहेर जाईल. तिथे गाळ मऊच असेल असं नाही."

टेबलाच्या डाव्या टोकाचे वरिष्ठ इतका वेळ गप्प होते. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास फिरवत हळूच म्हटलं, "ब्रिजवर बडबड तर आम्हीही करायचो."

"हे लिहून घेऊ नका," प्रमुख म्हणाले.

निकाल काही आठवड्यांनी लागला. प्रमुखांनी तिला एकटीला बोलावलं. दार लावलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"रिवाज बदलतोय, भिंगरी. आता कप्तानालाही तोंडानं म्हणावं लागेल. घेतलं तरी आणि दिलं तरी. सगळ्या जहाजांवर."

"बरं झालं, सर."

"पेन्सिलची ज्येष्ठता मागे जाईल थोडी. समुद्रावरून काढणार नाही त्याला."

"हेही बरं झालं."

"ताफा बिनटोप्याला."

तिनं खिडकीच्या कडेला हात टेकला.

"ते एक वाक्य म्हटलं असतंस," ते म्हणाले. त्यांचा स्वर चिडका होता, पण राग तिच्यावर नव्हता. "एवढ्या वर्षांत मी कोणाला ते वाक्य नाकारताना पाहिलेलं नाही."

तिचा हुद्दा वाढला. बाहीवर एक जाड पट्टी आली. पायाखाली मात्र मुख्यालयाचा तिसरा मजला आला. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, म्हणजे आता रोज घरी जेवायला." मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा सूर बदलला. "करमेल का गं तुला?"

"बघू, आई."

"माझ्याशी भांडत जा. तेवढाच वेळ जाईल."

मुख्यालयात ती फाइल हातात घेऊन फिरे. शिपायानं तिच्या हाताखालच्या लोकांना सांगून ठेवलं, मॅडमची सही हवी असेल तर कॉरिडॉरमध्ये गाठा. चांगलं काम करत होती ती. सगळे तसं म्हणत. आपण बोललो ते बरोबर होतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि बिनटोप्याचा ताफा निघणार असल्याचं कळलं त्या दिवशी तिनं मास्तरांशी विनाकारण भांडण काढलं, मिठाच्या बरणीवरून. मास्तरांनी बरणी मुकाट्यानं दुसऱ्या फळीवर ठेवली. मग तिनं ती परत पहिल्या फळीवर ठेवली.

ताफा निघाला त्या सकाळी फोन आला. पेन्सिल होता. तो बिनटोप्याच्या मोठ्या जहाजावर होता.

"मॅडम, बंदराच्या तोंडाशी आलोय. रेंज जाईल आता. म्हटलं, सांगावं."

तिला फोन ठेवून द्यावासा वाटला. ती तो घेऊन गॅलरीत गेली. तिथून घरांच्या गच्च्या दिसत. टाक्या, वाळत घातलेले कपडे. समुद्र कुठेच नव्हता.

"वारा?" तिनं विचारलं.

"समोरून, मॅडम. फार नाही."

"पाणी कसं आहे?"

पेन्सिल जरासा अडखळला. तिला वाईट वाटू नये म्हणून तो शब्द शोधत होता. "काही विशेष नाही. सपाटच आहे."

"खोटं बोलू नकोस रे."

पलीकडे वाऱ्याची घरघर ऐकू आली, कोणीतरी कोणाला तरी काही ओरडून सांगितलं. मग पेन्सिलचा आवाज आला, तुटत तुटत.

"पाणी जहाजाला उचलतंय, मॅडम. आत्ताच उचलायला लागलंय."